पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला उतरताना : तयारी गाडीची किती आणि चालकाची किती?

रविवारी रिकामे असणारे एखादे मोठे पार्किंग किंवा वापरात नसलेली विमानांची धावपट्टी. रस्त्याच्या कामाजवळ दिसतात तसे नारिंगी ट्रॅफिक कोन मांडून तिथे वळणावळणाची वाट आखलेली असते. एक गाडी सुटते, साधारण मिनिटभरात ती वाट पार करते आणि तिची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला, तो पहिला. या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात.

मोटर स्पोर्ट म्हटले की महागडी गाडी, प्रायोजक आणि मेकॅनिकची फौज डोळ्यांसमोर येते. ऑटोक्रॉसमध्ये मात्र रोज ऑफिसला नेली जाणारी साधी हॅचबॅक किंवा सेडानही चालते. तरीही पहिल्यांदा उतरणारे अनेक जण आधी गाडीवर खर्च करायला धावतात. नवे टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा असा तो खर्च असतो. प्रत्यक्षात नवख्याचा वेळ जातो तो वाट विसरल्याने, ब्रेक उशिरा दाबल्याने आणि नजर जवळ ठेवल्याने. यांपैकी एकही गोष्ट दुकानात विकत मिळत नाही. त्यामुळे पहिल्या ऑटोक्रॉसची तयारी स्वस्त आहे. पण ती करावी लागते आणि तिचा मोठा भाग चालकाने स्वतःवर करायचा असतो.

हा खेळ नेमका कुठला?

‘ऑटोक्रॉस’ या एकाच शब्दाचे अर्थ देशागणिक बदलतात. युरोपात ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवर अनेक गाड्यांनी एकाच वेळी केलेली शर्यत. ब्रिटनमध्ये हा शब्द गवताच्या किंवा मातीच्या मैदानावरील प्रकारासाठी वापरतात. अमेरिकेत मात्र ऑटोक्रॉस म्हणजे डांबर किंवा काँक्रीटवर, शंकूंच्या वाटेतून, एकेकट्याने घड्याळाशी खेळायचा खेळ.

या लेखात प्रामुख्याने अमेरिकी प्रकाराचा विचार केला आहे. नवख्या माणसाने स्वतःची रोजची गाडी घेऊन यावे आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी जावे, अशी रचना तिथे सर्वांत रुळलेली आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ (एससीसीए) या संस्थेने ‘सोलो’ या नावाने त्याचे तपशीलवार नियम बांधले. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये झाली. अलीकडे ही स्पर्धा नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर भरते. बीएमडब्ल्यू आणि पोर्शे गाड्यांच्या मालकांचे क्लबही आपापले ऑटोक्रॉस भरवतात. शिक्षण किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा खेळ हाताशी आहे. भारतातले चित्र थोडे वेगळे आहे; ते पुढे पाहू.

वेग कमी, मग धोका नाही का?

ऑटोक्रॉसची वाट मुद्दाम अरुंद आणि वळणांची ठेवतात. त्यामुळे साधी गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते आणि तिचा वेग हायवेवरच्या कायदेशीर वेगाच्या पलीकडे जात नाही. समोरून किंवा शेजारून दुसरी गाडी येत नाही. वाट चुकली, गाडी घसरली किंवा गोल फिरली, तरी बहुतेक वेळा नुकसान एका प्लास्टिकच्या शंकूचे आणि थोडेसे अभिमानाचे होते.

हाच या खेळाचा खरा फायदा आहे. आपली गाडी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबते, एबीएस सुरू झाल्यावर पेडल पायाखाली कसे थरथरते, पुढची चाके घसरू लागली की स्टिअरिंग कसे हलके पडते, हे अनेकांना वर्षानुवर्षे गाडी चालवूनही माहीत नसते. रस्त्यावर ते पहिल्यांदा कळते तेव्हा समोर ट्रक किंवा माणूस असतो. इथे समोर शंकू असतो.

धोका शून्य मात्र नसतो. पार्किंगमधले दिव्याचे खांब, फुटपाथची कड, कुंपण यांपासून वाट पुरेशी लांब आहे ना, हे तपासण्यासाठी सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो. त्याने नाही म्हटले तर वाट बदलावी लागते. गाडीचे आणि चालकाचे नियम कडक असण्याचे कारणही हेच.

कोणती गाडी चालते, कोणती नाही?

पहिला अडथळा गाडीच्या उंचीचा. गाडी उलटण्याचा धोका दोन मापांवरून कळतो. एक, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. दुसरे, गाडीच्या वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून किती उंच आहे ते. चाकांमधल्या अंतराचे निम्मे भागिले ही उंची, असे गुणोत्तर काढतात. ते जितके कमी, तितकी गाडी उलटण्याची शक्यता जास्त. त्यामुळे उंच आणि अरुंद एसयूव्ही, मिनीव्हॅन, पिकअप यांना बहुतेक ठिकाणी प्रवेश नाकारतात. छोटी हॅचबॅक, सेडान, कूपे चालतात. विजेवरच्या गाड्याही उतरतात. एखाद्या गाडीबद्दल शंका असेल, तर पैसे भरण्याआधीच आयोजकांना मॉडेलचे नाव कळवून विचारलेले बरे.

दुसरी गोष्ट गटाची. बाजारातून आली तशी गाडी आणि पूर्ण बदललेली गाडी यांची एकमेकींशी तुलना होत नाही. एससीसीएच्या नियमांत ‘स्ट्रीट’ या गटात फारच थोडे बदल चालतात. टायरवरही बंधन आहे. टायरच्या बाजूला कोरलेला ट्रेडवेअरचा आकडा किमान २०० हवा, म्हणजे फार मऊ, झटकन झिजणारे शर्यतीचे टायर चालत नाहीत. हौसेने स्प्रिंगा बदललेली गाडी याच नियमांमुळे वरच्या गटात ढकलली जाते. तिथे कसलेले चालक आणि पूर्ण तयार गाड्या असतात. पाच-पन्नास हजार खर्चून स्वतःचीच स्पर्धा अवघड करून घेण्याचा हा हमखास मार्ग. पहिल्या स्पर्धेसाठी गाडी आहे तशीच ठेवणे सर्वांत शहाणपणाचे. अनेक क्लब नवख्यांसाठी वेगळा गटही ठेवतात.

वेगवेगळ्या गटांतल्या गाड्यांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक गटाला एक गुणक दिलेला असतो. समजा एका गटाचा गुणक ०.८०० आहे आणि चालकाला ५० सेकंद लागले. त्याची तुलनेसाठीची वेळ ४० सेकंद धरतात. त्यामुळे साध्या गाडीचा चांगला चालक शक्तिशाली गाडीवाल्याच्या पुढे निघू शकतो.

कागदपत्रे आणि विमा

वैध वाहन परवाना, ऑनलाइन नोंदणी आणि जोखीम मान्य असल्याची सही एवढे कागद लागतात. क्लबचे सभासद नसलेल्यांना त्या दिवसापुरते किंवा आठवड्याअखेरपुरते सभासदत्व मिळते.

विम्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गाडीचा नेहमीचा विमा घड्याळ लावून घेतलेल्या स्पर्धेत लागू होईलच असे नाही. अमेरिकेत प्रत्येक कंपनीच्या पॉलिसीतली भाषा वेगळी असते, त्यामुळे ती वाचूनच जावे. भारतातल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत तर ‘वापराच्या मर्यादा’ या भागात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हतेची चाचणी अशा वापरांना विमा लागू नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. हप्ते अजून फिटायचे असलेली गाडी घेऊन उतरणाऱ्याने ही ओळ आधी वाचावी. आयोजकांचा विमा असतो, पण तो प्रामुख्याने दुखापत आणि इतरांच्या नुकसानीसाठी. स्वतःच्या गाडीच्या पत्र्यासाठी नव्हे.

गाडीची तयारी : एका संध्याकाळचे काम

स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक गाडीची तपासणी होते. तपासणारे काय पाहतात हे माहीत असेल, तर घरीच सगळे उरकता येते.

• चाके : सगळे नट पूर्ण कसलेले हवेत. शक्यतो टॉर्क पाना वापरून, गाडी जमिनीवर असताना, कंपनीने दिलेल्या मापाने कसावेत. चाक वर-खाली धरून हलवले की खडखड झाली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला असू शकतो. अशी गाडी बाद होते. प्लास्टिकचे व्हील कव्हर काढून ठेवावे. वळणात ते उडते.

• ब्रेक : पेडल घट्ट लागले पाहिजे. पाय ठेवल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर गॅरेज गाठावे. ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ते जुने, काळपट झाले असेल तर बदलून घ्यावे.

• ॲक्सिलरेटर : पाय काढताच पेडल लगेच मागे यायला हवे.

• बॅटरी : हाताने हलवली तर हलता कामा नये. घट्ट बांधलेली नसेल तर गाडी बाद.

• इंजिन ऑइल आणि पेट्रोल : ऑइल काडीवरच्या वरच्या खुणेजवळ ठेवावे. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल नको. जोरात वळताना पेट्रोल एका बाजूला सरकते, पंपाला ते मिळत नाही आणि इंजिन अडखळते. टाकी काठोकाठ भरून वजन वाढवण्याचीही गरज नाही.

• गळती : रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी त्यावर ऑइल किंवा कूलंटचा डाग दिसला तर कारण शोधावे.

• सुट्या वस्तू : हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, छत्री, मुलांची खेळणी, सीटखालची पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरची मूर्ती, आरशाला लटकवलेली माळ असे सगळे बाहेर. चालकाच्या पायाखालचे मॅटही काढायचे. घरंगळत आलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली, तर कितीही महागडे ब्रेक उपयोगाचे नाहीत.

दरवाजावर गटाचे नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत लावावा लागतो. रंगकामासाठी वापरतात ती कागदी चिकटपट्टी त्यासाठी पुरते आणि रंग न उखडता निघते.

टायरमधली हवा : फुकटात मिळणारा वेग

नवख्याला एकही पैसा न घालता करता येणारा सर्वांत उपयोगी बदल म्हणजे टायरमधली हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने सांगितलेले माप असते. ते रोजच्या रस्त्यासाठी आणि आरामासाठी ठरवलेले असते. ऑटोक्रॉसमध्ये गाडी इतकी जोरात वळते की टायर कडेवर मुडपतो आणि जमिनीला टायरच्या नक्षीऐवजी त्याची बाजू घासू लागते. म्हणून सुरुवात नेहमीपेक्षा ४ ते ६ पीएसआय जास्त हवेने करतात. टायरच्या बाजूला कोरलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

हवा बरोबर आहे की नाही, हे सांगायला एक खडू पुरतो. जिथे टायरची नक्षी संपते आणि बाजू सुरू होते, त्या कडेवर तीन-चार ठिकाणी खडूने जाड रेघ ओढायची. एक फेरी मारून आल्यावर पाहायचे. रेघ बाजूपर्यंत पुसली गेली असेल, तर टायर फार मुडपतो आहे. थोडी हवा वाढवावी. नक्षीच्या कडेपर्यंतही पुसली गेली नसेल, तर हवा जास्त आहे. थोडी कमी करावी. टायर तापले की हवेचा दाब आपोआप वाढतो, म्हणून दर फेरीनंतर गेज लावून पाहण्याची सवय ठेवावी. घरी परतताना हवा पुन्हा नेहमीच्या मापावर आणायला विसरू नये.

हेल्मेट, बूट आणि बसण्याची पद्धत

हेल्मेटच्या आत ‘स्नेल’ या संस्थेचा शिक्का आणि त्यावरचे वर्ष तपासतात. फार जुने हेल्मेट चालत नाही. कोणत्या वर्षापासूनचे चालते ते त्या हंगामाच्या नियमांत दिलेले असते. पहिल्याच दिवसासाठी विकत घेण्याची घाई नको, कारण बऱ्याच क्लबकडे त्या दिवसापुरते हेल्मेट उसने मिळते. बूट पायाला घट्ट बसणारे आणि पातळ तळव्याचे असावेत. चप्पल, सँडल चालत नाहीत.

सीट कशी लावायची, हे घरीच ठरवावे. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना हात लांब केला, की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. हेल्मेट घातल्यावर डोके छताला लागत नाही ना, हेही घरीच पाहावे. सीटबेल्ट जास्त घट्ट हवा असेल तर सीट थोडी मागे घ्यावी, बेल्ट लावून झटका देऊन अडकवावा आणि मग सीट पुढे सरकवून तो अंगाशी आवळून घ्यावा. शरीर जागेवर राहिले की स्टिअरिंगला लोंबकळावे लागत नाही.

दिवसाचा क्रम

नोंदणी, गाडीची तपासणी, वाट पायी पाहणे, चालकांची बैठक, मग फेऱ्या असा क्रम असतो. स्पर्धकांचे गट पाडतात. एक गट गाडी चालवतो तेव्हा दुसरा गट मैदानावर काम करतो. प्रत्येकाला साधारण ३ ते ६ फेऱ्या मिळतात. म्हणजे दिवसभरात गाडी चालवायची फार तर ५-६ मिनिटे. बाकी वेळ उन्हात उभे राहणे. टोपी, भरपूर पाणी, डबा, रेनकोट, हवेचे गेज आणि खडू बरोबर असले की दिवस सुखाचा जातो.

मैदानावरचे काम म्हणजे पडलेले शंकू उभे करणे आणि कोणत्या गाडीने किती पाडले ते वायरलेसवर सांगणे. येणाऱ्या गाडीकडे पाठ करायची नाही, खाली बसायचे नाही, मोबाइल काढायचा नाही, हे तिथले नियम. वाटेत काही अडथळा आला तर लाल झेंडा दाखवतात. तो दिसताच चालकाने गाडी ताब्यात ठेवून थांबवायची असते. अशा वेळी ती फेरी पुन्हा मिळते. नवख्यासाठी हे काम म्हणजे फुकटची शिकवणी. एकाच वळणावर पन्नास गाड्या पाहिल्या की कोण कुठे ब्रेक मारतो आणि कोणाची गाडी बाहेर घसरते, ते स्पष्ट दिसते.

वाट पायी पाहणे : निम्मी स्पर्धा इथेच

प्रत्येक स्पर्धेची वाट नवी असते. गाडीने सराव करता येत नाही. फक्त पायी फिरता येते. मोकळ्या मैदानावर दोन-अडीचशे शंकू असले, की गाडीतून तो सगळा नारिंगी गोंधळ दिसतो. कुठे वळायचे हे कळेपर्यंत वळण मागे पडलेले असते. म्हणून निदान तीनदा चालावे.

पहिल्यांदा फक्त क्रम लक्षात घ्यावा. आडवा पडलेला शंकू उभ्या शंकूकडे बोट दाखवतो. त्याच्या कोणत्या बाजूने जायचे हे त्यावरून कळते. मधूनच खाली बसून पाहावे. उभ्याने दिसणारी वाट आणि सीटवरून दिसणारी वाट यांत खूप फरक असतो.

दुसऱ्यांदा ब्रेक कुठे दाबायचा, खडी किंवा ऑइलचा डाग कुठे आहे, उतार कुठे आहे, ते पाहावे. तिसऱ्यांदा एकट्याने, कोणाशी न बोलता चालावे. मग बाजूला जाऊन डोळे मिटावेत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतची वाट मनात चालवावी. जिथे चित्र तुटेल, तो भाग पुन्हा पाहून यावे. नवखे बहुधा गप्पा मारत एकदाच फिरतात आणि पहिली फेरी वाट शोधण्यात घालवतात.

प्रत्यक्ष फेरीत काय लक्षात ठेवायचे?

नजर दूर ठेवणे ही पहिली गोष्ट. ताशी ५४ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते. नागमोडी ओळीतल्या शंकूंमध्ये १५ ते २० मीटर अंतर असेल, तर जवळपास दर सेकंदाला एक शंकू येतो. डोळे जवळच्या शंकूवर राहिले, तर हात नेहमीच उशिरा वळतात. एक शंकू पार होत असताना नजर त्याच्या पुढच्या दुसऱ्या शंकूवर हवी. शिवाय माणूस जिथे पाहतो तिकडे गाडी जाते. शंकूकडे टक लावणारा तो शंकू उडवतोच.

दुसरी गोष्ट टायरच्या पकडीची. टायरची पकड म्हणजे खिशातले शंभर रुपये. ते ब्रेकवर खर्च केले, तर वळायला उरत नाहीत. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, जोरात आणि थोडा आधीच दाबावा, मग वळावे, आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागले की हळूहळू वेग द्यावा. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत वेग जास्त झाला, की स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच घसरत जाते. अशा वेळी आणखी फिरवून उपयोग नसतो. ॲक्सिलरेटर थोडा सोडून, स्टिअरिंग किंचित सरळ केले की पकड परत येते.

तिसरी गोष्ट वळणाच्या घेराची. साध्या टायरची पकड गृहीत धरली, तर १० मीटर त्रिज्येच्या वळणातून गाडी ताशी साधारण ३४ किलोमीटरने जाऊ शकते. तेच वळण २० मीटर त्रिज्येने घेता आले तर साधारण ४८ ने. इंजिनला हात न लावता १४ किलोमीटरचा फरक पडतो. वाटेची पूर्ण रुंदी वापरणे एवढ्यासाठीच महत्त्वाचे.

सुरुवातीच्या रेषेवर घाई नको. घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर नव्हे, तर काही मीटर पुढचा प्रकाशकिरण तुटल्यावर सुरू होते. एक श्वास घेऊन निघायला पूर्ण मुभा असते. शेवटची रेषा ओलांडल्यावर मात्र गाडी ताब्यात घेऊन नेमलेल्या जागी पूर्ण थांबवायचीच, कारण त्यापुढे माणसे असतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नये; सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी.

दंड आणि गणित

शंकू पाडला की २ सेकंदांचा दंड. शंकू सरकला, पण उभा असून त्याच्याभोवती आखलेल्या चौकोनाला अजून टेकलेला असेल तर दंड नाही. वाट चुकली तर ती फेरी बाद. क्लबच्या स्पर्धांत सहसा सर्व फेऱ्यांतली सर्वांत चांगली वेळ धरतात.

समजा एखाद्याला पहिल्या फेरीत ५६.२ सेकंद लागले. दुसरीत त्याने जोर लावला, ५४.८ मध्ये पोहोचला, पण एक शंकू पाडला. त्याची वेळ झाली ५६.८. म्हणजे हळू चालवलेली पहिलीच फेरी जास्त चांगली ठरली. म्हणूनच पहिल्या फेरीचे उद्दिष्ट वाट न चुकता, शंकू न पाडता शेवटापर्यंत पोहोचणे एवढेच ठेवावे. दुसरीत ब्रेकच्या जागा सुधाराव्यात. वेगाचा विचार तिसरीपासून. बहुतेक क्लबमध्ये अनुभवी चालक शेजारी बसायला तयार असतात. त्यांना जरूर बसवावे, आणि नियमांत बसत असेल तर त्यांच्या गाडीतही एक फेरी मारावी.

निकालाच्या तक्त्यात पहिल्या दिवशी नाव तळाशी असणार, हे धरूनच जावे. पाहायचा आकडा एकच, तो म्हणजे स्वतःच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरक. नवख्याच्या बाबतीत तो अनेकदा काही सेकंदांचा असतो आणि तेवढी सुधारणा कोणताही टायर देत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात मोटर स्पोर्टचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ (एफएमएससीआय) करते. संस्थेच्या मान्यतेने ऑटोक्रॉस स्पर्धा होतात. काही डांबरावर, काही मातीवर. मातीच्या वाटेवर पकड कमी, घसरण जास्त आणि गाडीच्या खालच्या भागाला मार अधिक. त्यामुळे रोजची गाडी घेऊन जाणाऱ्याने जमीन कोणती आहे, हे सर्वांत आधी विचारावे. गट सहसा इंजिनच्या सीसीनुसार पडतात. मान्यताप्राप्त स्पर्धेसाठी संस्थेचा स्पर्धा परवाना लागतो. हेल्मेट, सुट्या वस्तू, नट, बॅटरी, वाट पायी पाहणे ही सगळी तयारी मात्र इथेही तीच.

स्पर्धा अधिकृत आहे ना, याची खात्री करणे भारतात अधिक महत्त्वाचे. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मध्यरात्री रिकाम्या हायवेवर मित्रांनी लावलेल्या पैजेला ऑटोक्रॉस म्हटले, तरी ती शर्यतच राहते.

वेगाची हौस अनेकांना असते आणि ती कुठे भागवली जाते यावर बरेच अवलंबून असते. रस्त्यावर एका चुकीची किंमत कोणाचा तरी जीव असू शकतो. शंकूंच्या वाटेवर तीच चूक २ सेकंदांना पडते, पुढच्या फेरीत ती सुधारता येते आणि घरी जाताना आपली गाडी कुठपर्यंत साथ देते, हे चालकाला नेमके माहीत झालेले असते.